बक्षिसानंतरचं इंदूर

आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या १९९८ च्या यादीत सात नावं आहेत. रियाधचा तुवैक राजवाडा, लाहोरचं अल्हम्रा कला केंद्र, हेब्रॉनच्या जुन्या शहराचं पुनर्वसन, मलेशियातलं एक लाकडी घर. उरलेली तिन्ही आपल्याकडची: चार्ल्स कोरियांनी आखलेलं भोपाळचं विधान भवन, इंदूरच्या गरीब वस्त्यांमधून टाकलेलं मलवाहिन्यांचं जाळं आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय. त्याआधीच्या, १९९५ च्या यादीतही इंदूर आहे, तेव्हा ते बाळकृष्ण दोशींच्या ‘अरण्य’ वसाहतीसाठी. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत एकाच शहराला जगातला एवढा मोठा पुरस्कार, आणि तोही कुठल्या महालाला किंवा संग्रहालयाला नाही. एकदा जोत्यांना, एकदा गटारांना. हे लक्षात आल्यापासून इंदूरला जायचं माझ्या मनात घोळत होतं.

भोपाळ या खेपेला गाळलं. विधान भवन पाहायचं तर ओळखीपाळखी काढून पास मिळवावा लागतो, आणि मला त्या गोल इमारतीबद्दल कुतूहल आहे ते तसं चावटच. कोरियांनी तिथे विधान परिषदेसाठीही एक सभागृह आखून ठेवलं होतं. मध्य प्रदेशात विधान परिषद काही अजून झालेली नाही.

इंदूरला सकाळी अवंतिका एक्स्प्रेसने उतरलं की पहिलं काम पोह्यांचं. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव आणि जिरावण, बाजूला जिलबी. आपल्याकडच्या शेंगदाण्याच्या खमंग पोह्यांशी त्यांची तुलना करू नये. मी केली, मनातल्या मनात, आणि मग आणखी एक प्लेट घेतली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब मराठीत बोलत होतं. होळकरांमागोमाग आलेली मराठी या शहरात अजून टिकून आहे, फक्त तिच्या क्रियापदांना हिंदीचा गोडवा आलाय.

वाटेत माणिकबाग लागतं म्हणून तिथे थांबले. दुसरे यशवंतराव होळकर विशीत असताना त्यांनी एकार्ट मुथेसियस या त्यांच्याच वयाच्या जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल बांधून घेतला, १९३० ते १९३३ च्या सुमाराला. आत रुहलमनचं लेखनाचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कार्बुझिएच्या कार्यशाळेतली आरामखुर्ची. ब्रांकुसीकडून त्यांनी ‘आकाशातला पक्षी’ घेतला आणि त्याच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचंही ठरवलं. ते काही झालं नाही. सामानाचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला. पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने २०१९ मध्ये ‘मॉडर्न महाराजा’ या नावाने त्यातल्या वस्तू पुन्हा गोळा करून मोठं प्रदर्शन भरवलं. इंदुरात आता त्या महालात केंद्रीय कराचं कार्यालय आहे. फाटकावरच्या रखवालदाराने मला विचारलं, “नोटीस आली आहे का?” आली नव्हती, त्यामुळे आत जायचं कारणही नव्हतं. बाहेरून दिसतं ते लांबट, सपाट छपराचं, शांत चेहऱ्याचं घर. पॅरिसला गर्दी झाली ती आतल्या खुर्च्यांसाठी. खुर्च्या उचलून नेता येतात, त्यांचं प्रदर्शन भरवणं सोपं.

अरण्यचं तसं नाही. अरण्य उचलून नेता येत नाही, म्हणून त्याची चित्रं फिरतात. दोशींनी लघुचित्रांच्या धाटणीने या वसाहतीचं एक चित्र काढून घेतलंय: गल्ल्या, जिने, ओटे, झाडं, एकावर एक चढलेल्या रंगीत खोल्या, दर चौकटीत काहीतरी चाललेलं. पुण्यात लाकडी सामान बनवणाऱ्या एकत्र कुटुंबात १९२७ मध्ये जन्मलेला, मुंबईच्या जे. जे.त शिकलेला आणि पॅरिसला ल कार्बुझिएच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. त्यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर मिळाला, भारतीयाला मिळालेला तो पहिला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमने त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर दोशींवरचं कुठलंही पुस्तक उघडा, अरण्यचे तेच सहा-सात फोटो भेटतात: विटकरी भिंती, बाहेरून चढणारा जिना, कठड्यावर टेकलेली बाई, खाली खेळणारी मुलं.

रिक्षावाल्याला ‘अरण्य’ म्हटलं तर तो विचारात पडतो. ‘स्कीम ७८’ म्हटलं की निघतो. आग्रा-मुंबई रस्त्याने शहराच्या उत्तरेला गेलं की शोरूम आणि शिकवणी वर्गांच्या पाट्यांमागे ही वसाहत सुरू होते आणि पहिल्या पाच मिनिटांत पुस्तकातलं काहीही दिसत नाही. दिसतात ती मध्यमवर्गीय भारतातल्या कुठल्याही उपनगरातली घरं. काचेच्या खिडक्या, स्टीलचे कठडे, दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल्स, गच्चीवर काळ्या टाक्या.

फोटोतली घरं ती नव्हेतच. वसाहत सुमारे ८५ हेक्टरांवर, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंडांची. दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८३ पासून ती आखली. नमुना म्हणून बांधून दाखवली ती फक्त ८० घरं. बाकीच्यांना मिळाली ती जागा. सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोतं, संडास-मोरीचा गाभा, पाणी, वीज, आणि ऐपत असेल त्याप्रमाणे एखादी खोली. पुढचं तुमचं तुम्ही बांधा, पैसे येतील तसं. गरिबांचे भूखंड आतल्या बाजूला, गल्ल्यांवर. मोठ्या रस्त्याकडेचे मोठे भूखंड बाजारभावाने विकायचे आणि त्या नफ्यातून आतल्यांचा भार हलका करायचा. दहा-दहा घरांचा गट, पुढे गल्ली, मागे मोकळी जागा. गाड्यांना बाहेरच्या रस्त्यांवर मुभा, आत नाही.

मी आत शिरले. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ओटे सुरू झाले. ओटा म्हणजे इथे दाराबाहेरची फूटभर उंच, हात-दीड हात रुंद पट्टी. नकाशात ती घराच्या आणि गल्लीच्या मधली जागा म्हणून मुद्दाम धरलेली आहे. पण एकाही घरात ती आता नकाशासारखी उरलेली नाही. कुणी तिच्यावर जाळी बसवून स्कूटर आत घेतलीय. कुणी अर्ध्या भागात चक्कीचं यंत्र टाकलंय. एका ओट्यावर पन्नाशीच्या बाई साडीला फॉल लावत होत्या. मी मराठीत विचारलं तर त्यांनी चष्मा वर केला.

“बसा ना ताई. मुंबईच्या का? चाय घ्याल?”

त्यांचे सासरे कापड गिरणीत होते. जागा मिळाली तेव्हा एक खोली आणि मागे संडास, एवढंच होतं. पावसाळ्यात वर पत्रा टाकून काढले. मग बाजूची भिंत, मग स्लॅब. “आणि मग गिरणी बंद पडली,” त्या म्हणाल्या, आणि साडी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. “तेव्हा वरची खोली झाली होती म्हणून वाचलो. भाड्याने दिली. दोन पोरं शिकायला होती देवासची. त्यांच्या भाड्यात आमचा किराणा.”

मी जिन्याकडे पाहिलं. घराच्या बाहेरून, गल्लीतूनच चढणारा, पहिल्या पायरीला टाइलचा टवका उडालेला. हाच तो जिना, पुस्तकांतला. वास्तुकलेवर लिहिणारे त्याच्याबद्दल फार हळवे होतात. गल्लीत ये-जा वाढते, मुलं पायऱ्यांवर बसतात, शेजारपण घडतं, वगैरे. खोटं नाही ते. पण पलीकडच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर सळ्या बांधत असलेल्या मिस्त्रीला मी जिना बाहेर का, असं विचारलं, तेव्हा त्याने खालूनच ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं: आतून जिना काढला तर भाडेकरू येत नाही. मालकाच्या स्वयंपाकघरातून कोण जाईल वर?

दोशींना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. घर वाढतं, त्यातून पैसा यावा, दुकान निघावं, खोली भाड्याने जावी, हे सगळं आराखड्यातच धरलेलं होतं. फोटोंमध्ये मात्र भाडं दिसत नाही. परीक्षकांना दिसलं असावं. आगाखान पुरस्काराची एक चांगली पद्धत अशी की इमारत वापरात येऊन निदान वर्ष तरी झालेलं लागतं, आणि निकालाआधी जाणकार माणसं जागेवर जाऊन राहणाऱ्यांशी बोलून येतात. बाकी कितीतरी पुरस्कार छायाचित्रांवर आणि निबंधावरच उरकतात.

नमुन्याची घरं शेवटी सापडली. त्यांतली बरीच ओळखू येत नाहीत, कारण त्यांच्यावरही मजले चढलेत, रंग बदललेत, दोन घरांचं एक झालंय. एका ठिकाणी मूळचा गोलाई दिलेला कठडा शिल्लक होता, मागे नवी भिंत. वास्तुकलेचे विद्यार्थी येतात तेव्हा इथे फोटो काढतात, असं समोरच्या दुकानदाराने सांगितलं. ते घरात येतात का, असं विचारल्यावर तो हसला. “बाहेरूनच मोजतात.”

अरण्यबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, की लोकांनी दोशींच्या रचनेची वाट लावली. ही मला पटत नाही. दोशींची रचना भिंतींमध्ये नव्हतीच, ती जमिनीवर आखलेल्या रेषांमध्ये होती. गल्लीची रुंदी, तिचं वळण, कोपऱ्यावर सोडलेली चार झाडांची जागा, नळाची आणि मोरीची जागा. ते सगळं जिथल्या तिथे आहे. भर दुपारी त्या गल्ल्यांत सावली होती आणि मोटार नव्हती. शेजारीच नंतर झालेल्या एका वसाहतीत मी मुद्दाम फिरून आले, तिथे सरळ रस्त्यावर उन्हाचा रखरखाट आणि दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांच्यातल्या अनेकांनी जागा विकल्या. शहर वाढत इथपर्यंत आलं, भाव चढले, आणि ३५ मीटरचा तुकडाही कुणाला तरी मोठ्या घरात मिळवून घ्यावासा वाटू लागला. फॉल लावणाऱ्या बाईंच्या ओळीतलीही जुनी माणसं आता थोडीच राहिली होती. विकणाऱ्याला आपण नावं ठेवू शकत नाही. मुलीचं लग्न, आजारपण, धंदा, जागा म्हणजे त्याच्या हातातली एकमेव पुंजी. पण गरीब आणि सुखवस्तू एकाच वस्तीत राहतील, ही जी या आराखड्यामागची मोठी इच्छा होती, ती तेवढी दर विक्रीमागे झिजत गेली. त्यावर नकाशात उपाय नसतो.

दुसऱ्या बक्षिसाला पाहायला काय जायचं, हा प्रश्नच होता. ते जमिनीखाली आहे.

कृष्णपुरा छत्रींपाशी उतरले. होळकरांच्या स्मारकांच्या मागून कान्ह नदी वाहते, इथे तिला खान नदी म्हणायची सवय आहे. कान्ह, सरस्वती आणि त्यांना मिळणारे नाले हे इंदूरचे उतार. शहरातल्या झोपडवस्त्या बहुतेक याच काठांनी आहेत, कारण ही जागा दुसऱ्या कुणाला नको होती. पूर यायचा, घाण यायची. हिमांशु पारीख या अभियंत्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हीच गोष्ट उलटी करून मांडली. सांडपाणी उताराने वाहतं. सर्वांत खालची रेषा नाल्याची. वस्त्या नाल्याकाठी. म्हणजे शहराची मलवाहिनी पंपाशिवाय, स्वस्तात न्यायची असेल तर ती या वस्त्यांमधूनच न्यावी लागेल. मग वस्ती हा शहराला झालेला रोग असं न मानता तिलाच शहराच्या व्यवस्थेची शीर माना. वस्तीला मुख्य वाहिनी मिळते, शहराला वस्तीतून वाट मिळते. सार्वजनिक संडासांची रांग बांधण्याऐवजी घरोघरी संडास आणि त्याची जोडणी, वर फरसबंद गल्ली, कडेने झाडं. ब्रिटिश सरकारच्या मदतीने हे काम शहरातल्या शंभर-दीडशेहून जास्त वस्त्यांत पसरलं, लाखो लोकांपर्यंत.

मला ही कल्पना अजूनही थक्क करते. वास्तुकलेचा पुरस्कार एका अभियंत्याच्या उताराच्या हिशेबाला द्यावा, हेही मोठं धाडस.

पण लगेच दुसरं पुस्तक आठवतं. नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांचं ‘स्लमिंग इंडिया’, २००२ चं. इंदूरच्या या प्रकल्पावर त्यांनी कडक टीका केली होती: कागदावर जे जोडलं गेलं आणि वस्तीत जे चाललं त्यात केवढी तफावत आहे, आणि तरीही गौरवाची गाडी कशी थांबत नाही. मला वाटतं, इंदूरला जाणाऱ्याने पुरस्काराची पुस्तिका आणि हे पुस्तक दोन्ही पिशवीत ठेवावीत.

नदीकाठच्या एका वस्तीत फिरले. गल्ली चार-पाच हात रुंद, मधोमध ओळीने चेंबरची झाकणं. एका दारासमोरच्या झाकणाभोवती रांगोळी काढलेली होती. झाकणाला मोकळं ठेवून, त्याच्या लोखंडी कडीलाही न झाकता, बरोबर गोलाकार. दारातल्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, “झाकण उघडावं लागतं ना. तुंबलं की.” कधी तुंबतं? पावसात. मग? मग काका बांबूची खपची घालतात, नाही निघालं तर महापालिकेची गाडी. पलीकडच्या गल्लीतलं झाकण गाडलं गेलं होतं, कारण मध्ये कुणी तरी पुन्हा काँक्रीट ओतून गल्ली उंच केली होती. आता ते कुठे आहे हे फक्त एका म्हाताऱ्यालाच ठाऊक होतं. त्याने चपलेच्या टाचेने जमीन ठोकून जागा दाखवली.

बक्षीस मिळाल्यानंतरही ही नदी कितीतरी वर्षं घाणच वाहत होती. मग इंदूरने स्वच्छतेचा ध्यास घेतला, २०१७ पासून दर वर्षी देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून नाव येऊ लागलं. नदीत उघडी पडणारी गटारांची तोंडं शोधून शोधून बंद केली गेली आणि २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ हा शिक्का पहिला याच शहराला मिळाला. म्हणजे आणखी एक पुरस्कार. मी छत्रींच्या मागे उभी होते तेव्हा वास होता, पण माझ्या लहानपणी आत्याकडे यायचे तेव्हाचा वास त्याला नव्हता.

या नदीवर लिहिणारे पारीख पहिले नव्हेत. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये इंदूर दरबारासाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला. जुनी घरं पाडून रुंद रस्ते काढण्याच्या तो विरोधात होता. मोडकं दुरुस्त करा, एखादं घर काढून श्वास मोकळा करा, नद्या-तळी साफ ठेवा, असा त्याचा धोशा. प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची एक मिरवणूक काढली, तिच्यात उंदराचा अजस्र पुतळा होता आणि झाडूवाल्यांना मानाची जागा. मिरवणूक ज्या गल्ल्यांत घरं जास्त साफ झाली तिथून जाणार असं आधी जाहीर केल्यामुळे लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, असं सांगतात. पुढे १९१९ मध्ये हेच गेडिससाहेब मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्या मिरवणुकीला कुणी बक्षीस दिल्याचं ऐकिवात नाही, पण मला विचाराल तर १९१७-१८ ची फेरी तिनेच जिंकायला हवी होती.

परतीला सरवटे बसस्थानकावरून धुळ्याची गाडी धरली. खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधव्याला चहा झाला. शेजारी चोपड्याचे एक केळीवाले गृहस्थ, इंदूरच्या मंडईचं काम आटोपून निघालेले. कशासाठी आला होतात, असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. गटाराला बक्षीस, हे त्यांना पसंत पडलं.

“तुमच्या तालुक्यालाही मिळालंय,” मी म्हटलं. “त्याच वर्षी. लासूरचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना.”

“लासूरचा? तो नॉर्वेच्या मिशनचा?”

तोच. नॉर्वेचे दोन नवशिके वास्तुविशारद, ब्रिनिल्डसेन आणि येन्सेन, तिकडच्या मिशनसाठी आले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी तो बांधला. उजाड माळावर दगडी भिंती, वर कमानदार छतं, मधे बाग असलेला चौक. बाहेरचं जग ज्यांना जवळ करत नाही त्यांच्यासाठी आत वळलेली इमारत. मोबाइलवर फोटो होता तो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून छताकडे बराच वेळ पाहिलं.

“हे गोल काम कुणी केलं? तिकडून आले का गवंडी?”

“नाही, इथलेच असणार.”

“किती होतं बक्षीस?”

त्या फेरीचा सगळा मिळून निधी पाच लाख डॉलरचा होता. त्यांनी मनात साताने भागलं, डॉलरचा तेव्हाचा भाव विचारला, पुन्हा भागलं. मग म्हणाले, “आणि गवंड्याला?”

नियम असा आहे, मी सांगितलं, की रक्कम एकट्या वास्तुविशारदाची नसते. ज्यांच्यामुळे काम उभं राहिलं त्या सगळ्यांत, मालक, अभियंता, कारागीर, गवंडी यांच्यात ती वाटता येते. लासूरला कुणाकुणाला वाटली, याचा उल्लेख माझ्याकडच्या पुस्तकात नव्हता.

“लासूरला आमचे पाहुणे आहेत,” ते म्हणाले आणि फोन लावला. बिजासनच्या घाटात रेंज गेली. पळासनेर मागे पडल्यावर पुन्हा लावला. पलीकडच्याला आधी समजेना की विचारायचं काय आहे, मग समजलं तेव्हा त्याने तिकडे आणखी कुणाला तरी हाक मारली. त्या काळी तिथे कामाला होता असा एक जण अजून गावात आहे, पण तो आत्ता शेतात आहे, संध्याकाळी विचारून सांगतो, असं ठरलं. शिरपूर आलं. त्यांनी माझा नंबर बिलाच्या पाठीवर लिहून घेतला, वरच्या फळीवरून पिशवी ओढली आणि चोपड्याची गाडी लागलेली दिसली म्हणून घाईने उतरले.